धर्माचा रकाना : एका प्रश्नाने भारत कसा बदलला

(भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)



आजचा विषय आहे एक रकाना. शाळेच्या दाखल्यापासून जनगणनेपर्यंत सगळीकडे असतो तो. 'धर्म : ______'. आपण तो दोन सेकंदांत भरतो आणि पुढे जातो. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे फॉर्म हा माझा रोजचा धंदा. कुठलं फील्ड सक्तीचं ठेवायचं, ड्रॉपडाउनमध्ये किती पर्याय द्यायचे, एकच निवडू द्यायचा की अनेक, डीफॉल्ट काय ठेवायचं, यावर आमच्याकडे तास-तास मीटिंगा होतात. कारण एकदा डेटाबेसचा आराखडा ठरला की त्यात न बसणारी माणसं सिस्टिमला दिसतच नाहीत. भारतात धर्माचा आराखडा कसा ठरला, आणि संशोधकांना त्यात काय सापडलं, ते आज पाहू.

सक्तीचं फील्ड

ब्रिटिशांनी भारतात पहिली मोठी जनगणना १८७२ च्या सुमारास केली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. सगळा देश एकदम मोजला गेला तो १८८१ मध्ये. धर्माचा प्रश्न तेव्हापासूनच आहे. गंमत बघा. खुद्द इंग्लंडमध्ये १८५१ मध्ये चर्चमधली हजेरी मोजली गेली होती, पण माणसाला थेट 'तुझा धर्म कोणता?' असं विचारणारा प्रश्न त्यांच्या जनगणनेत आला २००१ मध्ये. तोही ऐच्छिक! त्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समधल्या जवळपास ३ लाख ९० हजार लोकांनी उत्तर लिहिलं, 'जेडाय'. होय, स्टार वॉर्समधले जेडाय. तिथे हा प्रश्न लोकांनी थट्टेवारी नेला. आपल्याकडे त्याच प्रश्नाने राजकारण घडवलं.

डीफॉल्ट व्हॅल्यू

१८८१ ची पंजाबची जनगणना. अधिकारी होते डेन्झिल इबेट्सन. मोजणीदार दारोदार फिरून धर्म विचारतायत आणि लोक सांगतायत आपली जात, आपला पंथ, आपला गुरू. कारण ज्याला हा साहेब 'रिलिजन' म्हणतो, त्या मापाची वस्तू सगळ्यांकडे नव्हतीच. मग नियम ठरला : ज्याला आपला धर्म सांगता येत नाही, किंवा जो मान्यताप्राप्त धर्माचं नाव घेत नाही, त्याला हिंदू धरायचं.

हा नियम इबेट्सननी लपवला नाही, अहवालात स्पष्ट लिहून ठेवला. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर ही डीफॉल्ट व्हॅल्यू झाली. पण आकडा एकदा तक्त्यात छापला गेला, की त्यातले किती स्वतःहून सांगितलेले आणि किती आपोआप भरलेले, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तक्त्यात सगळे सारखेच दिसतात.

पस्तीस हजार 'चुकीची' माणसं

आता या आपल्या भागात. १९११, मुंबई इलाखा. तेव्हा गुजरातचा मोठा भाग मुंबई इलाख्यातच होता. तिथल्या जनगणना अधिकाऱ्यांपुढे काही समाज आले आणि त्यांचा रकाना अडला.

मतिया कुणबी हा त्यातलाच एक समाज. यांच्या मुख्य विधींना ब्राह्मण यायचे. पण यांची श्रद्धा अहमदाबादजवळच्या पिराण्याच्या इमामशहांवर, आणि मृताला ते पुरायचे. दुसरे शेखडा. यांच्या लग्नाला हिंदू पुरोहितही यायचा आणि मुस्लिम काझीही. तिसरे मोमना. यांच्यात सुंता होती, दफन होतं, कुराणाचं वाचन गुजरातीतून होतं आणि बाकी बरेच रिवाज हिंदूंचे.

मुंबईच्या अधिकाऱ्यांनी सरळ मार्ग काढला. 'हिंदू-मुहम्मदन' असा नवा वर्गच केला आणि सुमारे ३५ हजार माणसं त्यात नोंदवली. मला विचाराल तर हे प्रामाणिक काम होतं. डेटा साच्यात बसत नाही, तर साचा वाढवा.

पण वरिष्ठांना ते पटलं नाही. अखिल भारतीय जनगणनेचे आयुक्त होते एडवर्ड गेट. त्यांचं म्हणणं पडलं की या लोकांना जमेल तसं एका किंवा दुसऱ्या धर्मात टाकायला हवं होतं. म्हणजे फील्डमध्ये एकच पर्याय, 'दोन्ही' चालणार नाही.

साहेबांची अडचण नुसती कारकुनी नव्हती. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. आता डोक्यांचा हिशोब थेट जागांशी जोडला गेला होता, त्यामुळे 'दोन्ही' हे उत्तर कुणालाच सोयीचं राहिलं नाही. ना सरकारला, ना दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना.

याच जनगणनेत गेट यांनी आणखी एक काम काढलं. हिंदू म्हणून मोजल्या जाणाऱ्या कोणत्या जातींना प्रत्यक्षात हिंदू मानलं जात नाही, हे शोधण्यासाठी दहा कसोट्या लावल्या. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत प्रवेश आहे का, ब्राह्मण पुरोहित मिळतो का, स्पर्शाने विटाळ मानतात का, अशा. पुढे १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' या ग्रंथात याच कसोट्यांचा आधार घेतला. मोजताना एकत्र आणि गाभाऱ्यापाशी मात्र वेगळे, ही विसंगती सरकारी कागदावरच आली होती.

मग सगळं इंग्रजांनीच केलं का?

इथे थोडं थांबू, कारण सोशल मीडियावर या विषयाचं फार सोपं व्हर्जन फिरतं : आपण सगळे गुण्यागोविंदाने राहत होतो, इंग्रजांनी फूट पाडली, विषय संपला.

अभ्यासकांमध्ये यावर खरा वाद आहे. मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोन यांनी दाखवलं की जनगणनेने भारतीयांना स्वतःकडे बाहेरून, एखाद्या वस्तूकडे बघावं तसं बघायला शिकवलं. सुदीप्त कविराज यांनी दोन प्रकारचे समाज सांगितले, धूसर आणि मोजलेले. धूसर समाजातल्या माणसाला आपण कोण ते माहीत असतं, पण 'आपण' देशभरात किती आहोत हा प्रश्न त्याला पडत नाही. मोजल्यावर तो पडतो, आणि मग पाठोपाठ येतात 'ते किती?' आणि 'ते वाढतायत का?'

दुसऱ्या बाजूला डेव्हिड लॉरेन्झन यांनी १९९९ च्या एका निबंधात ठामपणे मांडलं की हिंदू ही ओळख इंग्रजांनी शोधलेली नाही, ती आधीच घडत होती. पुराव्यांमध्ये त्यांनी आपल्या पैठणच्या एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद'ही घेतला. सोळाव्या शतकातली ही रचना. हिंदू आणि तुर्क एकमेकांना कडकडून बोलतात, एकमेकांच्या देवाधर्मातल्या खोडी काढतात आणि शेवटी समेटावर येतात. म्हणजे फरक माहीत होता, भांडणही होतं. पण ते समोरासमोरचं भांडण होतं. 'तुमचे इतके टक्के, आमचे इतके टक्के' हा सूर त्यात नव्हता.

मला दोन्ही बाजू एकत्र धराव्याशा वाटतात. भिंत इंग्रजांनी हवेतून आणली नाही. दगड इथलेच होते. पण रकान्याने ते रचून दिले, आणि दर दहा वर्षांनी भिंतीची उंची मोजायची सवय लावली.

रकाना हे हत्यारही असतं

इथपर्यंत ऐकून वाटेल की रकानाच काढून टाका. पण थांबा, गोष्टीची दुसरी बाजू महाराष्ट्रातच आहे.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांचा आकडा आला सुमारे २७ लाख ९० हजार. दहा वर्षांत हजारपटीहून जास्त!

हा आकडा फुकटात आलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींचा दर्जा मुळात हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध आले थेट १९९० मध्ये. म्हणजे १९६१ मध्ये मोजणीदारासमोर 'बौद्ध' म्हणणाऱ्या माणसाला केंद्राच्या सवलती हातच्या जाण्याची भीती होती. तरी लोकांनी 'बौद्ध' लिहिलं. ज्या कागदाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांची जागा ठरवली, त्याच कागदावर त्यांनी आपलं उत्तर दिलं. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने आंबेडकरी चळवळीवर १९६९ मध्ये पीएचडी पूर्ण केली. एकनाथांच्या त्या संवादाचा अभ्यासही त्यांनी केला. हे दोन विषय एकाच अभ्यासकाला खुणावतात, हे मला फार बोलकं वाटतं.

झारखंड आणि आसपासचे आदिवासी आज हेच मागतायत. जनगणनेत सहा धर्मांना कोड आहेत : हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकी सगळे 'इतर'. आपले पारशीसुद्धा 'इतर'मध्ये, २०११ मध्ये सुमारे ५७ हजार. त्याच 'इतर'मध्ये जवळपास ५० लाख लोकांनी 'सरना' असं लिहून दिलं. हा आकडा जैनांपेक्षा मोठा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने वेगळ्या सरना कोडचा ठराव केला. त्यांची मागणी एका ओळीत सांगतो : आम्हाला 'इतर' म्हणू नका, आमचं नाव लिहा.

आज काय दिसतं?

प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३० हजार लोकांच्या, १७ भाषांतून मुलाखती घेतल्या. ८४ टक्के लोक म्हणाले, सगळ्या धर्मांचा आदर करणं हे खरा भारतीय असण्यासाठी फार महत्त्वाचं आहे. कर्मावर विश्वास ठेवणारे हिंदू ७७ टक्के आणि मुस्लिमही ७७ टक्के! गंगेच्या पावन करणाऱ्या शक्तीवर ३२ टक्के ख्रिश्चनांचा विश्वास. म्हणजे ते पस्तीस हजार अजून आपल्यात आहेत, फक्त आता कोट्यवधी झालेत.

आणि त्याच सर्वेक्षणात ३६ टक्के हिंदूंना आणि ५४ टक्के जैनांना मुस्लिम शेजारी नको. आपल्या स्त्रियांनी धर्माबाहेर लग्न करणं थांबवलंच पाहिजे असं दोन तृतीयांश हिंदूंना आणि ८० टक्के मुस्लिमांना वाटतं. मनातली श्रद्धा वाहती आणि घराचा दरवाजा बंद. शहरात भाड्याने फ्लॅट शोधलेल्या कुणालाही ही आकडेवारी नवी वाटणार नाही. फोनवर ब्रोकर भाड्याआधी आडनाव विचारतो. तोही एक रकानाच, फक्त छापलेला नाही.

आता पुढची जनगणना २०२७ ची आहे, आणि यावेळी मोबाइल ॲपवर. कुणीतरी माझ्यासारख्याच इंजिनियरने ती स्क्रीन बनवली असेल. मोजणीदार तुमच्या दारात येईल तेव्हा एवढं करा : उत्तर स्वतः द्या. घरातल्या प्रत्येकाला विचारून द्या, आजीला, बायकोला, मोठ्या झालेल्या मुलांनाही. 'आमच्याकडे सगळ्यांचं एकच लिहा' असं पटकन म्हणू नका. आणि त्याने काय टाइप केलं ते बघा. उत्तर काहीही असो, ते तुमचं असावं, डीफॉल्ट नसावं.

तुमच्या गावात असं एखादं ठिकाण आहे का, जिथला उरूस आणि जत्रा एकच आहे? कॉमेंटमध्ये गावाचं नाव आणि तिथली गोष्ट लिहा. निवडक गोष्टी पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर ऐकत राहा, विचारत राहा. भेटूच!