सुझुकाची शाळा आणि मुंबईचा मुलगा

दिवाळी अंकात इतिहास म्हटला, की वाचकांना गडकोट, तहनामे आणि बखरी यांची अपेक्षा असते. त्यातून लेखक वसईचा असला, तर चिमाजीअप्पांना वगळून त्याची सुटका नसते. पण १७३९ च्या मोहिमेवर आमच्याकडे इतके लिहिले-बोलले गेले आहे, की मी त्यात भर न घालणेच बरे. आज सांगणार आहे तो इतिहास अगदी अलीकडचा आहे. त्यात तलवारी नाहीत. घोडे आहेत, पण ते इंजिनात कोंडलेले आहेत. हा इतिहास आहे मोटारींच्या शर्यतींचा, आणि त्यात एकाच चमूतून धावलेल्या दोन तरुणांचा. एक जपानमधल्या सागामिहारा शहराचा युकी त्सुनोदा. दुसरा आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला.

ज्या वाचकांनी ह्या शर्यती कधी पाहिल्या नसतील, त्यांच्यासाठी थोडे आधी सांगतो. ह्या मोटारीत एकच माणूस बसतो. तिला छप्पर नाही, दारे नाहीत, आणि चारही चाके उघडी असतात. ह्या शर्यतींच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. लहान मुले कार्ट नावाच्या बुटक्या गाडीवर शिकतात. पंधरा-सोळाव्या वर्षी ती फॉर्म्युला चारमध्ये येतात. मग तीन, मग दोन, आणि अगदी माथ्यावर फॉर्म्युला वन. त्या माथ्यावर साऱ्या जगातून वीस-बावीस जणांनाच जागा. खालच्या पायऱ्यांवर बहुधा सर्वांना सारखीच मोटार देतात, म्हणजे बापाच्या पैशाने इंजिन जास्त जोरकस होत नाही. मुलाच्या हातापायांत काय आहे तेच दिसते. पैसा लागतो तो त्या मोटारीपर्यंत पोचायला, आणि तो फार लागतो.

जपानने ही शिडी कशी बांधली, ते पाहण्यासारखे आहे. सोइचिरो होंडा हा लोहाराचा मुलगा. तरुणपणी टोकियोच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात तो उमेदवारी करी. तिथे विमानाचे जुने इंजिन बसवून शर्यतीची मोटार तयार करण्यात त्याने हात काळे केले. १९३६ साली तामागावाच्या शर्यतीत त्याला भयंकर अपघात झाला. पण शर्यतीचे वेड काही गेले नाही. पुढे त्याच्या कंपनीने १९६२ साली सुझुका येथे स्वतःचा शर्यतीचा मार्ग बांधला. जॉन ह्यूगेनहोल्ट्झ नावाच्या डच माणसाने त्याची आखणी केली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तो स्वतःलाच ओलांडून जातो. १९६६ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी दुसरा मार्ग झाला. १९७९ पासून जपानची स्वतःची फॉर्म्युला तीनची स्पर्धा सुरू झाली, आणि २०१५ पासून फॉर्म्युला चारची. मधल्या काळात सुझुकाला शर्यतीची शाळाच निघाली. पुढे इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत दोनदा, २०१७ व २०२० साली, जिंकणारा ताकुमा सातो हा त्याच शाळेचा विद्यार्थी.

ह्या शाळेचे प्रमुख होते सातोरू नाकाजिमा. १९८७ साली आयर्टन सेन्नाच्या जोडीने लोटसच्या मोटारीत फॉर्म्युला वनचा पूर्ण हंगाम धावलेला हा पहिला जपानी. त्यांच्याकडे २०१६ साली सोळा वर्षांचा, अंगाने अगदी लहानखुरा त्सुनोदा शिकायला आला. वर्षाअखेरच्या निवडीत तो तिसरा आला. शिष्यवृत्ती वरच्या मुलांची. तिसऱ्याने घरी जायचे. पण नाकाजिमांनी नुसता निकालाचा कागद पाहिला नव्हता. कोपऱ्यावर उभे राहून मुलगा वळण कसे घेतो, तेही पाहिले होते. त्यांनी होंडाकडे ह्या पोरासाठी शब्द टाकला, आणि तिसऱ्या नंबरच्या विद्यार्थ्याला फॉर्म्युला चारची मोटार मिळाली.

मी स्वतः दहावीपर्यंतच शिकलेला मास्तर. निकालपत्रकाच्या रकान्यात मूल पुरे मावत नाही, हे मला रोजच्या धंद्यातून ठाऊक आहे. तरीही वर्षाच्या शेवटी मी रकानेच भरतो. म्हणून ह्या साऱ्या कथेत मला अधिक मोठी वाटते ती नाकाजिमांची ती शिफारस. जिंकलेल्या शर्यतींची नोंद सगळीकडे राहते. मास्तराने टाकलेला शब्द मात्र क्वचितच कोणी टिपून ठेवतो.

आता तो २०१८ चा हंगाम. जपानच्या फॉर्म्युला चारच्या चौदा शर्यती ओकायामा, फुजी, सुझुका, सुगो, ऑटोपोलिस आणि मोतेगी अशा देशभर विखुरलेल्या मार्गांवर झाल्या, फुजीला दोनदा. सर्वांची मोटार एकच, डोम कंपनीची. इंजिन दोन लिटरचे, शक्ती सुमारे १६० घोड्यांची. आपल्या घरच्या चांगल्या मोटारीतही एवढे घोडे असू शकतात; पण इथे मोटार पिसासारखी हलकी. आदल्या दोन वर्षांचा विजेता रितोमो मियाता वरच्या पायरीवर गेला होता, त्यामुळे गादी रिकामी होती. तिच्यासाठी झुंज लागली ती त्सुनोदा आणि होंडाचाच दुसरा शिष्य तेप्पेई नातोरी यांच्यात. त्सुनोदाने सात शर्यती जिंकल्या आणि अजिंक्यपद घेतले. नातोरी दुसरा आला. दुसऱ्या वर्षी दोघेही युरोपात फॉर्म्युला तीनमध्ये उतरले. म्हणजे जिंकला तो गेलाच, आणि हरला तोही वाटेवर टाकून दिला गेला नाही!

इकडे आपल्याकडे काय चालले होते? शर्यतीचे वेड आपल्याला नव्हते असे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मद्रासजवळचे शोलावरम, कलकत्त्याजवळचे बराकपूर आणि मुंबईचे जुहू अशा विमानांच्या धावपट्ट्यांवर मोटारी धावत. ज्या जुहूला १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान आणून उतरवले, तिथेच मागाहून मोटारींनी धूळ उडवली. पण धावपट्टी ती धावपट्टी. शर्यत संपली, की पिंपे उचलायची आणि घरी जायचे. दक्षिणेत मात्र काही माणसे चिकाटीची निघाली. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर चालणारी स्वस्त एकासनी मोटार तयार केली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. १९९० साली मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टईला पक्का मार्ग झाला. त्याच मातीतून नारायण कार्तिकेयन वर आला आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय ठरला. पुढे हाच नारायण जपानला जाऊन नाकाजिमांच्याच चमूतून धावला, आणि त्या चमूच्या नावात आपल्या मुंबईची टी.सी.एस. होती. पैसा मुंबईचा, चालक कोइमतूरचा, मार्ग जपानचा!

जेहानचा जन्म १९९८ चा. मुंबईत मार्ग नाही. पण कार्टिंग होते, आणि रायोमंद बनाजींसारखा शर्यतीत मुरलेला शिक्षक होता. २०११ साली फोर्स इंडिया चमूने अब्जातून एक असा मुलगा शोधण्याची स्पर्धा देशभर घेतली; तीत निवडल्या गेलेल्या तिघांत जेहान एक. तिथून पुढची त्याची शाळा सगळी परदेशी. घर सुखवस्तू होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तसे नसते तर ही वाट पहिल्याच वळणावर संपली असती. पण नुसत्या पैशाने शर्यत जिंकता येत नाही, हेही तितकेच खरे. २०१९ साली फॉर्म्युला तीनमध्ये त्याने बार्सिलोना आणि पॉल रिकार्ड येथे शर्यती जिंकल्या आणि हंगामात तो तिसरा आला. त्याच हंगामात त्सुनोदा नववा होता. त्या वर्षाअखेरीस कोणी पैज लावली असती, तर ती मुंबईच्या मुलावरच लावली असती.

२०२० साली दोघेही एकाच दावणीला आले. चमू ब्रिटनचा, कार्लिन, मोटारी सारख्या, दोघांच्याही पाठीशी रेड बुल. साथीमुळे हंगाम जुलैत सुरू झाला आणि चोवीस शर्यती धावत डिसेंबरात बहारीनला संपला. जेहानला नवी मोटार लवकर वश झाली नाही, त्सुनोदाला झाली. शेवटचा रविवार, ६ डिसेंबर. साखीरचा बाहेरचा आखूड मार्ग, साडेतीन किलोमीटरचा. सुरुवातीलाच डॅन टिक्टम, मिक शूमाखर आणि जेहान अशी तिघांची अंगाला अंग घासून चढाओढ झाली. जेहानने घाई केली नाही. टिक्टमला त्याने नंतर गाठले, मागे टाकले, आणि तो पहिला आला. फॉर्म्युला दोनची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. दुसऱ्या पायरीवर त्याचाच सोबती त्सुनोदा उभा होता.

पण हिशेब सबंध हंगामाचा असतो. शूमाखर २१५ गुणांनी विजेता. त्सुनोदा २०० गुणांनी तिसरा. जेहान ७२ गुणांनी बारावा. २०२१ साली त्सुनोदा फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहान आणखी तीन वर्षे फॉर्म्युला दोनमध्ये झुंजला; २०२२ साली मोंझाची मुख्य शर्यतही त्याने जिंकली. पण माथ्यावरची जागा काही उघडली नाही. मग तो विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतींकडे वळला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये टोकियोच्या रस्त्यांवर धावला.

आमच्या सांडोरला उतारावर मुले लाकडी फळीला बॉलबेअरिंग ठोकून गाडी करतात आणि वळणावर पाय घासून ती आवरतात. त्यातल्याच एका पोराने मला वर्गात विचारले, ‘‘सर, शर्यतीची शाळा आपल्याकडे कुठे असते?’’ मी त्याला इरुंगट्टुकोट्टई सांगितले, कोइमतूर सांगितले. कोल्हापूरला मोहित्यांनी चालवलेल्या कार्टिंगच्या मार्गाचेही नाव घेतले. तो म्हणाला, ‘‘म्हणजे लोकलने जाता येणार नाही!’’ वर्ग हसला. मीही हसलो, पण त्याच्या बोलण्यात आपल्या ह्या खेळाचा सगळा इतिहास आला होता.

चित्र अगदीच काळे नाही. २०२३ साली भारताची स्वतःची फॉर्म्युला चारची स्पर्धा सुरू झाली. २०२४ साली चेन्नईच्या रस्त्यांवर दिव्यांच्या उजेडात शर्यत झाली. मुंबई फाल्कन्स नावाच्या आपल्या चमूतून २०२३ साली आखातातल्या स्पर्धेत आंद्रेआ किमी अँतोनेल्ली विजेता ठरला. तो मुलगा इटलीचा! मुंबईचे नाव जगभर धावते आहे. मुंबईच्या मुलाला धावायला मात्र महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय दर्जाचा मार्ग नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, ज्या देशात शाळांना छप्पर नाही तिथे ही चैन कशाला? प्रश्न रास्त आहे. आधी छप्परच हवे. पण मला सुझुकाचे जे हवे आहे ते डांबर नव्हे. पहिल्या नंबरापलीकडे पाहणारा शिक्षक, आणि त्याचा शब्द ऐकणारी संस्था, एवढेच मी मागतो. पोहणे असो, गाणे असो, वा यंत्राची जाण असो, तिसऱ्या नंबरच्या पोरासाठी पुढची पायरी तयार असली पाहिजे. जेहान आपल्याकडून एकटा वर चढला, आणि वर पोचता पोचता थांबला; त्सुनोदाच्या मागे साठ वर्षांची तयारी होती. तशी तयारी आपण आज आरंभली, तरी तिची फळे चाखायला आपण बहुतेक नसू. होंडाने मार्ग बांधला तेव्हा त्सुनोदा जन्मायला अडतीस वर्षे अवकाश होता.