मुंबईच्या कचेऱ्या कुठे बसतात?

इंग्रजीतल्या ‘डाउनटाउन’साठी मराठीत नेमका शब्द नाही, पण त्यावाचून मुंबईकराचे कधी अडलेले नाही. उपनगरातला माणूस ‘टाऊनला जातो’ म्हणतो. डोंबिवली-कल्याणचा माणूस कागदोपत्री त्याच महानगर प्रदेशात राहतो, तरी तो सरळ ‘मुंबईला जातो’ म्हणतो. त्याआधीच्या पिढ्या ‘कोटात’ जात. कोट म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा तटबंदी किल्ला, आणि तटापलीकडची वस्ती ती बाहेरकोट. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत हा तट पाडला जात होता. तट गेला, ‘फोर्ट’ हे नाव राहिले, आणि त्याबरोबर सकाळी कामासाठी दक्षिणेकडे जायची सवयही राहिली.

या सवयीला सरकारने दीडशे वर्षांत अनेकदा खतपाणी घातले आणि एकदा ती मोडायचाही प्रयत्न केला. तो एक प्रयत्न का फसला, हे समजून घ्यायचे तर आधीचे भराव पाहायला हवेत, कारण मुंबईने आपल्या कचेऱ्यांसाठी जमीन बहुतेक वेळा पाण्यातून काढली.

पहिला मोठा बेत अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातला. तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा झाला आणि मुंबईत पैसा वाहू लागला. त्या पैशातून ज्या कंपन्या उगवल्या त्यांत बॅकबेचा समुद्र भरून काढणारी कंपनीही होती. तिच्या भागांवर कित्येक पटींचा सट्टा चालला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, कंपनीही बुडाली. समुद्राच्या काठाकाठाने थोडी पट्टी तेवढी तयार झाली आणि तिच्यावरून पुढे कुलाब्यापर्यंत रेल्वे गेली.

त्यामानाने बॅलार्ड इस्टेट हा शहाणपणाचा व्यवहार होता. पोर्ट ट्रस्टला अलेक्झांड्रा गोदी खणायची होती, निघालेली माती कुठेतरी टाकायचीच होती. तिच्यातून बावीसेक एकर जमीन झाली. जॉर्ज विटेटने तिथल्या इमारतींना एकसारखा चेहरा दिला आणि १९१४च्या आसपास जहाज कंपन्या, विमा कंपन्या व व्यापारी पेढ्या तिथे येऊन बसल्या. मालक का आले, हे इथे स्पष्ट दिसते. गोदी समोर होती, जकातीचे काम हाकेच्या अंतरावर होते. ज्याच्या सहीने माल सुटतो त्याच्या शेजारी कचेरी असणे सोयीचे. पुढच्या शंभर वर्षांत इमारतींची उंची बदलली, हे कारण फारसे बदलले नाही असे मला वाटते.

मग आले गव्हर्नर जॉर्ज लॉइड. १९२० साली त्यांनी डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट हे स्वतंत्र खाते काढले. त्याच्याकडे दोन मोठी कामे होती. बॅकबेत आठ तुकड्यांत ११४५ एकर समुद्र भरायचा, आणि गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. भरावाचे काम चिखलातच रुतले. बंदरातला गाळ नळाने आणून टाकावा आणि तो भिंतीतून पुन्हा समुद्रात निसटावा, असे होऊ लागले. खर्च फुगत गेला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण पारशी वकिलाने कायदे मंडळात आणि वर्तमानपत्रांत या कारभाराचे वाभाडे काढले. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि त्यात नरिमन निर्दोष सुटले. योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ हे नाव पडले. अखेर आठपैकी चारच तुकडे, सुमारे ४४० एकर, भरले गेले. मरीन ड्राइव्हमागची वस्ती त्यांतल्याच जमिनीवर उभी आहे.

त्याच खात्याचे दुसरे काम म्हणजे बीडीडी चाळी. हे नाव त्या खात्याच्या आद्याक्षरांवरूनच आले, हे त्या चाळींत जन्मलेल्या अनेकांनाही ठाऊक नसते. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फूट, संडास मजल्याला सामाईक. म्हणजे ५० हजारांचा बेत साडेसोळा हजारांवर थांबला. सुरुवातीला त्यांतल्याही बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. कामगाराच्या मिळकतीला भाडे झेपत नव्हते आणि गिरणीपासून अंतर गैरसोयीचे होते. एकाच खात्याने कचेऱ्यांची जमीन आणि कामगारांचे घर ही दोन्ही कामे हाती घेतल्याचा प्रसंग मुंबईत विरळाच. दोन्ही अर्धवट राहिली. पुढे समुद्राचे उरलेले काम नव्या उत्साहाने पुन्हा सुरू झाले. घरांच्या कामाच्या नशिबी तो उत्साह आला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली बॅकबेच्या जमिनीवर सचिवालय आले, आजचे मंत्रालय. १९६०च्या दशकात बॅकबेचा उरलेला तिसरा तुकडा भरायला घेतला. जागतिक शहराला साजेसे काहीतरी उभे करायची तेव्हाच्या सरकारला घाई होती. एक्स्प्रेस टॉवर्स आली, १९७४ मध्ये एअर इंडियाची २३ मजली इमारत आली. ज्या माणसाने बॅकबेच्या गैरव्यवहारावर आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवली, त्याचेच नाव या नव्या भरावाला दिले गेले: नरिमन पॉइंट. मुंबईत असे विनोद कोणी मुद्दाम करत नाही, ते होतात.

याच वेळी उलट दिशेने विचार करणारी माणसेही होती. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ मध्येच ठाण्याच्या खाडीपलीकडे वस्ती न्यावी, खाडीवर पूल बांधावा, असे सुचवले होते. मग धनंजयराव गाडगीळ समितीने सगळ्या प्रदेशाचा एकत्र आराखडा करायला सांगितले. पण या कल्पनेला आकार आला तो एका मासिकात. मुल्कराज आनंद संपादक असलेल्या ‘मार्ग’च्या जून १९६५च्या अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी जुळ्या शहराचा प्रस्ताव मांडला. कलाविषयक नियतकालिकातल्या लेखातून शहर उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. पटेल आणि कोरिया काही वर्षे तिच्यात कामही करत होते.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी, सगळी गर्दी सकाळी दक्षिणेला आणि संध्याकाळी उत्तरेला जाते. नोकऱ्या पूर्वेला, खाडीपार नेल्या तर हा ताण मोडेल. आणि नोकऱ्या नेण्याचा मार्ग एकच, सरकारने आधी स्वतः जायचे. मंत्रालय हलले की मागून महामंडळे, बँका, वकील, सल्लागार आणि चहाच्या टपऱ्या असा सगळा लवाजमा आपोआप येईल. या आशेवर बेलापूरच्या एका भागाला ‘सीबीडी’, म्हणजे मध्यवर्ती व्यापारी भाग, असे नाव दिले गेले. लोकलच्या पाटीवर ते आजही आहे. कचेऱ्या यायच्या आधीच ठिकाण मध्यवर्ती घोषित झाले.

सरकार गेले नाही. बेलापूरला कोकण भवन झाले, विभागीय आयुक्त तिथे बसू लागले, रिझर्व्ह बँकेचेही एक कार्यालय आले. मंत्री आणि सचिव जिथे होते तिथेच राहिले. सिडकोला अकरा वर्षे होऊन गेल्यावर, १९८१ मध्ये, राज्य सरकारने नवे विधान भवन बांधले, तेही नरिमन पॉइंटला. आणि ज्या रेल्वेवर नव्या शहराचा सगळा हिशेब होता ती मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोचली मे १९९२ मध्ये. बावीस वर्षे नोकरदाराने बसने पूल ओलांडावा आणि मोठ्या कंपनीने त्याच्या भरवशावर तिकडे यावे, अशी ती अपेक्षा होती.

याच सरकारने हलवता येण्याजोगे जे होते ते मात्र हलवले. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मशीद बंदरच्या गल्ल्यांतून वाशीला नेला, पुढे धान्य, फळे, मसालेही गेले. लोखंड बाजार कळंबोलीला गेला. बाजाराबरोबर माथाडी कामगारही खाडीपार गेले. कोपरखैरणे-घणसोलीकडे आज त्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. गोण्या हलल्या, फाइली हलल्या नाहीत. ज्यांना हुकमाने हलवता येत होते ते गेले. हुकूम काढणारे गेले नाहीत.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळे व्हायचे होते त्यांचा हिशेब वेगळाच आहे. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन संपादनात गेली. भातखाचरे, मिठागरे, खाडीतली मासेमारी, असे आगरी-कोळ्यांचे जगण्याचे साधन होते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारला मानावे लागले. नव्या व्यापारी केंद्रात येणाऱ्या कंपन्यांना किती सवलत द्यावी याची चर्चा सुरू होती, त्याच काळात आधीच्या मालकाला किती परत द्यावे हे ठरायला जीव जावे लागले.

नवी मुंबई फसली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाखांवर होती, आणि पाण्याचा, रस्त्यांचा, मोकळ्या जागेचा विचार करता ते मुंबईहून बरे शहर आहे. फसला तो त्यातला एक मुद्दा, मोठ्या कचेऱ्या ओढून आणण्याचा. पुढे ऐरोली-महापेच्या पट्ट्यात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, पण त्या बेलापूरच्या ‘केंद्रा’साठी आल्या नाहीत. त्यांचे ग्राहक परदेशात होते, मंत्रालयात खेपा घालायची गरज त्यांना कमी होती. सहीचा माणूस समुद्रापार असेल तर कचेरी कुठेही चालते.

वांद्रे-कुर्ला संकुलाची गोष्ट हेच दुसऱ्या बाजूने सांगते. १९७७ मध्ये मिठी नदीकाठची सुमारे ३७० हेक्टर दलदलीची, तिवरांची जमीन महानगर प्राधिकरणाकडे सोपवली गेली. घोषित हेतू असा की दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांची वाढ थांबवावी. पंधरा-वीस वर्षे तिथे फारसे काही नव्हते. मग तिथे नियम करणारे आणि पैसा हाताळणारे आले: नाबार्ड, सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार. प्राधिकरणाची स्वतःची कचेरीही तिथेच. खासगी बँका मागोमाग आल्या. २०१० मध्ये ऑपेरा हाउसचा हिरेबाजार वीस एकरांवरच्या भारत डायमंड बोर्समध्ये हलला. बेलापूरला जे झाले नाही ते इथे झाले, कारण इथे सही करणारे आधी येऊन बसले.

त्याची किंमतही शहराने मोजली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचे पाणी कुर्ला, कलिना, वांद्र्याच्या वस्त्यांत शिरले. इतक्या पावसात कोणतीही नदी फुगली असती हे खरे, पण भरावांनी मिठीचे पात्र अरुंद झाले होते हेही तितकेच खरे. त्या रात्री काचेच्या इमारतींतला कारकून कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी निघाला होता. आणि घर कुठे? संकुलात नोकऱ्या लाखांनी आल्या, घरे त्या मानाने किरकोळ. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला उतरायचे, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे, हा तिथल्या नोकरदाराचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम.

गिरणगावात पाणी भरायची गरज नव्हती. तिथे सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मधोमध तयार होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. कोरिया यांच्याच समितीने १९९६ मध्ये काही गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा दिला होता. २००१ मध्ये नियमात बदल झाला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची राहिली आणि बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. कोरियांचा सल्ला दुसऱ्यांदा कपाटात गेला, आणि लोअर परळ स्टेशनच्या गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या पुलांवर कॉर्पोरेट नोकरदारांची गर्दी होऊ लागली.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. साडेतेहेतीस किलोमीटरच्या या एका मार्गावर वांद्रे-कुर्ला संकुल, वरळी, हुतात्मा चौक, विधान भवन ही कचेऱ्यांची सगळी पिढीजात ठिकाणे ओळीने येतात. मार्ग पुन्हा उत्तर-दक्षिणच आहे.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, हजारो फाइली खाक झाल्या. सरकारने बेलापूरचा विचार करायला याहून सबळ निमित्त मिळाले नसते. मंत्रालय त्याच जागी दुरुस्त झाले. जागेची टंचाई मात्र राहिलीच, म्हणून २०२४ मध्ये केंद्राच्या मंजुरीने राज्य सरकारने एअर इंडियाची ती २३ मजली इमारत १६०१ कोटी रुपयांना घ्यायचे नक्की केले. मंत्रालयापासून ती चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.