यादव-होयसळ संघर्ष

यादव-होयसळ संघर्ष म्हणजे देवगिरीचे यादव आणि दोरासमुद्राचे (सध्याचे हळेबीडू, कर्नाटक) होयसळ या दोन राजघराण्यांमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या आरंभापर्यंत झालेल्या युद्धांची मालिका होय. यादवांची राजधानी देवगिरी म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळील आजचे दौलताबाद.

कारणे

दोन्ही घराणी मूळची कल्याणीच्या चालुक्यांची मांडलिक होती. चालुक्य सत्ता खिळखिळी होताच तिचा वारसा कोणाकडे जावा, हा प्रश्न निर्माण झाला. यादव राजा पाचवा भिल्लम उत्तरेकडून, तर होयसळ राजा दुसरा वीर बल्लाळ दक्षिणेकडून चालुक्यांचा मुलूख व्यापत गेला. कृष्णा व तुंगभद्रा या नद्यांमधील सुपीक दुआब दोघांनाही हवा होता. त्यामुळे संघर्ष अटळ ठरला.

प्रमुख युद्धे

इ.स. ११९१ च्या सुमारास गदगजवळील सोरटूर येथे बल्लाळाने भिल्लमाचा पराभव केला. भिल्लमाचा नातू दुसरा सिंघण याने पुढे तुंगभद्रेच्या उत्तरेकडील बराचसा प्रदेश परत मिळवला. त्याच्या काळात यादव सत्तेचा सर्वाधिक विस्तार झाला. इ.स. १२७६ मध्ये रामचंद्रदेवाचा सेनापती साळुव टिक्कम थेट दोरासमुद्रावर चालून गेला; परंतु होयसळ राजा तिसरा नरसिंह याने त्याला परतवून लावले.

परिणाम

शंभराहून अधिक वर्षे लढूनही कोणत्याही पक्षाला निर्णायक विजय मिळाला नाही. दोन्ही राज्यांचे लक्ष व सैन्यबळ परस्परांच्या सीमेवर गुंतून राहिले आणि उत्तरेकडील संकटाविरुद्ध त्यांची एकजूट झाली नाही. इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवासह राजधानीबाहेर होते. रामचंद्रदेवाला मोठी खंडणी द्यावी लागली. इ.स. १३११ मध्ये मलिक काफूर दोरासमुद्रावर निघाला, तेव्हा दिल्लीचा मांडलिक बनलेल्या रामचंद्रदेवाने त्याला साहाय्य केले. त्या वेळी होयसळ राजा तिसरा बल्लाळ हा पांड्य घराण्यातील वारसा-कलहाचा लाभ घेण्यासाठी दक्षिणेत गेला होता. घाईने परतल्यावर त्यालाही शरणागती पत्करावी लागली.

इ.स. १३१८ मध्ये हरपाळदेवाच्या वधानंतर यादवांचे राज्य संपुष्टात आले. होयसळ सत्ताही चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लयास गेली. ज्या दुआबासाठी ही घराणी झुंजली, तो पुढे बहमनी व विजयनगर या नव्या सत्तांमधील संघर्षाचे कारण ठरला.