घाबरलेला प्रवासी आणि आठ परिचारिका : पहिल्या विमानप्रवासाच्या भीतीचा इतिहास

१/१७
विमानात पहिल्यांदा पाऊल ठेवताना आजही अनेकांच्या पोटात गोळा येतो. या भीतीची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. आज विमानप्रवासात जी सुरक्षितता गृहीत धरली जाते, तिच्या घडणीत अशाच घाबरलेल्या प्रवाशांचा वाटा मोठा आहे. तो कसा, याविषयी हा थ्रेड.

२/१७
२५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो येथून पॅरिससाठी रोजची विमानसेवा सुरू झाली. एका फेरीचे भाडे २१ पौंड होते. विमाने पहिल्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांत फेरबदल करून बनवलेली. काहींमध्ये प्रवाशाची जागा उघडीच असे. चामडी कोट, डोक्याला टोप आणि डोळ्यांवर गॉगल, ही त्या प्रवासाची तयारी.

३/१७
विमानाला भार मोजूनमापून पेलत असे, म्हणून सामानाबरोबर प्रवाशाचेही वजन केले जाई. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर १९२८ मध्ये प्रवाशांसाठी प्रशस्त इमारत उभी राहिली, तरी काट्यावर उभे राहणे चुकले नाही. उड्डाणाआधीच प्रवाशाला कळून चुके, की येथे आपल्या देहाच्या वजनाचाही हिशेब आहे.

४/१७
अमेरिकेत १९२६ पासून तीन इंजिनांची फोर्ड विमाने धावू लागली. आतील आवाज इतका, की कानांत घालायला कापूस दिला जाई. दडे बसू नयेत म्हणून चघळायला च्युइंगगम. विमान कमी उंचीवरून, ढगांतून आणि वादळी हवेतून जाई. त्यामुळे ओकारी ही नित्याची बाब होती.

५/१७
७ जुलै १९२९ रोजी अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ४८ तासांत पोहोचवणारी सेवा सुरू झाली. दिवसा विमान, रात्री रेल्वे. रात्रीच्या उड्डाणाचा धोका टाळण्यासाठी ही योजना होती. तरीही ३ सप्टेंबर रोजी त्या कंपनीचे एक विमान न्यू मेक्सिकोतील माउंट टेलरवर कोसळले आणि आतील आठही जण मृत्युमुखी पडले.

६/१७
तेव्हा प्रवाशाची भीती निराधार नव्हती. विमान कंपन्यांपुढचा खरा प्रश्न तिकिटाच्या दराचा नव्हता. लोक विमानात बसायलाच कचरत होते. याच काळात सॅन फ्रान्सिस्कोतील फ्रेंच हॉस्पिटलमध्ये एलेन चर्च नावाची एक परिचारिका काम करत होती.

७/१७
एलेनचा जन्म १९०४ मधला, आयोवा राज्यातील क्रेस्को या गावचा. तिने विमान चालवण्याचे धडेही घेतले होते. १९३० मध्ये ती बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या स्थानिक कार्यालयात स्टीव्ह स्टिम्पसन या व्यवस्थापकाला भेटली. स्त्रीला वैमानिक म्हणून नेमण्याचा विचार तेव्हा कंपनीच्या मनातही नव्हता.

८/१७
स्टिम्पसनला विमानात प्रवाशांची देखभाल करणारा कोणी हवा होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर पुरुष सेवक होते. एलेनने सुचवले, की या कामासाठी प्रशिक्षित परिचारिका नेमाव्यात. तिचा तर्क सरळ होता. एखादी तरुणी रोज विमानात काम करताना दिसली, तर पुरुष प्रवासी ‘मला भीती वाटते’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

९/१७
कंपनीने तीन महिन्यांच्या प्रयोगाला मान्यता दिली. आठ परिचारिका निवडल्या गेल्या. अटी कडक होत्या : अविवाहित, वय २५ च्या आत, उंची ५ फूट ४ इंचांपेक्षा कमी आणि वजन ११५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५२ किलोंच्या आत. विमानाची जागा अरुंद होती. पगार महिना १२५ डॉलर.

१०/१७
१५ मे १९३० रोजी ओकलंडहून शिकागोकडे निघालेल्या बोइंग ८०ए विमानात एलेन चर्च कामावर रुजू झाली. त्या दिवशी १४ प्रवासी होते. वाटेत १३ थांबे आणि एकूण सुमारे २० तासांचा प्रवास. जगातील पहिली विमान परिचारिका म्हणून इतिहासात तिची नोंद झाली.

११/१७
कामांची यादी आज वाचताना गंमत वाटते. खुर्च्यांचे बोल्ट घट्ट आहेत का ते पाहणे, प्रवाशाने पेटती सिगार खिडकीबाहेर टाकू नये याकडे लक्ष देणे, स्वच्छतागृहाचे समजून कोणी बाहेरचे दार उघडणार नाही याची खबरदारी घेणे. सोबत रेल्वेचे वेळापत्रकही असे. हवामान बिघडले तर प्रवाशांना स्थानकावर पोहोचवावे लागे.

१२/१७
प्रयोग यशस्वी ठरला आणि इतर कंपन्यांनी तो उचलला. प्रवाशाला धीर देणारा शांत चेहरा मात्र फुकट मिळत नव्हता. तेच धक्के, तीच वादळे आणि तोच धोका या तरुणींच्याही वाट्याला होता. स्वतःची भीती चेहऱ्यावर दिसू न देणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. लग्न झाले, की नोकरी संपे.

१३/१७
धीर देऊन मन शांत होते. विमानाचा पंख मजबूत होत नाही. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सास राज्यात फोकर बनावटीचे विमान कोसळून आठ जण ठार झाले. त्यांत नोत्र दाम विद्यापीठाचे लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी होते. लाकडी पंखाच्या आत ओल शिरून सांधे कमकुवत झाले होते.

१४/१७
तोवर अमेरिकेत अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष सरकार गुप्त ठेवत असे. रॉकनींच्या मृत्यूने देश हादरला आणि कारण जाहीर करण्याची मागणी इतकी तीव्र झाली, की ते धोरण सरकारला सोडावे लागले. लाकडी पंखांच्या विमानांवरचा लोकांचा विश्वास उडाला.

१५/१७
ट्रान्सकॉन्टिनेंटल अँड वेस्टर्न एअर कंपनीने १९३२ मध्ये संपूर्ण धातूच्या विमानाची मागणी नोंदवली. एक इंजिन बंद पडले तरी ते उडाले पाहिजे, ही अट होती. त्यातून डग्लस कंपनीचे डीसी-१ आणि पुढे १९३५ मध्ये प्रसिद्ध डीसी-३ जन्माला आले. १९४० मध्ये बोइंग स्ट्रॅटोलायनर हे दाबनियंत्रित प्रवासी विमान सेवेत आले. आता बऱ्याचशा खराब हवेच्या वरून जाणे शक्य झाले.

१६/१७
भारतात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. त्यांच्या विमानसेवेने पहिल्या वर्षभरात अवघे १५५ प्रवासी वाहून नेले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, ते दाबनियंत्रित कॉन्स्टेलेशन होते. सोळा वर्षांत विमानच बदलून गेले होते.

१७/१७
दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची गरज सैन्याला भासली आणि विमानातील नोकरीसाठी परिचारिका असण्याची अट सुटली. एलेन चर्चही सैन्यात परिचारिका म्हणून रुजू झाली. मराठीत या पेशाला पुढे ‘हवाई सुंदरी’ हे नाव रूढ झाले आणि त्यात रूप उरले, शुश्रूषा मात्र विस्मरणात गेली. पहिल्यांदा विमानात बसून खुर्चीचा हात घट्ट धरणाऱ्या प्रवाशाने एवढे जरूर आठवावे, की ही जागा मुळात त्याचीच भीती ओळखून निर्माण झाली होती.