आधी सांगाडा, मग कापड : व्हिम्परच्या तंबूची गोष्ट

ऑगस्ट १८६१. मॅटरहॉर्नच्या इटालियन बाजूला, कोल द्यु लिऑं या अरुंद खिंडीत एकवीस वर्षांचा एडवर्ड व्हिम्पर आपल्या तंबूवर बसला होता. तंबूत नव्हे, तंबूवर. लंडनमध्ये देखणा दिसलेला तो तंबू खिंडीतल्या वाऱ्यापुढे उभाच राहीना. दाराचे पडदे जागी ठरेनात, खुंट्या रुतेनात. अखेर तो उतरवून त्यावर बसणे आणि रात्री तोच अंगाभोवती गुंडाळणे, एवढाच उपयोग उरला.

दोष शिवणीचा नव्हता, बेतण्याचा होता. पुस्तकासारखा उघडणारा तो हलका तंबू दोन काठ्यांवर तोललेला, आणि मुख्य भिस्त खुंट्यांवर. खडकात खुंटी ठोकणार कोठे?

व्हिम्पर व्यवसायाने लाकडी ठशांवर कोरीवकाम करणारा. उडालेला टवका पुन्हा चिकटत नाही, हे त्या धंद्यात लवकर कळते, कापडाचेही तेच. पुढच्या मोहिमेसाठी त्याने कामाचा क्रमच उलटा केला. आधी साडेसहा फुटी चार काठ्या लोखंडी बोल्टांनी जोडून, दोरीने नेमक्या मापावर ताणून उभ्या केल्या आणि मग त्यांवर कापड चढवले. माप कागदावरून नव्हे, उभ्या सांगाड्यावरून.

कापड होते फॉरफर. आपल्या मांजरपाटासारखे कोरे आणि जाडेभरडे. त्याचा पन्हा सहा फूट, आणि तंबूची लांबीही तेवढीच ठेवलेली. त्यामुळे छपराला एकही जोड आला नाही. जेथे कात्रीच लागत नाही तेथे ती चुकणार कशी? दोन्ही उतार सहा-सहा फुटांचे, शिवाय दोन्ही अंगांना दोन-दोन फूट कापड जमिनीवर वळवलेले. म्हणजे सुमारे सोळा फुटांचा एकच अखंड पट्टा. प्रत्येक काठीभोवती तो सुरकुती न पडू देता ताणून शिवला.

शिंपी शिवणीत माया ठेवतात. व्हिम्परने ती तळाच्या मॅकिंटॉश कापडात सढळ हाताने ठेवली. तंबूचा तळ जेमतेम सहा फूट चौरस, पण कापड घेतले नऊ फुटी. उरलेले तीन फूट वारा अडवायला कडेने वर चढवले : एका बाजूस दोन फूट, पायांकडच्या बाजूस एक फूट. शेवटी कापड काठ्यांना खिळ्यांनी पक्के केले. चार माणसांच्या या तंबूचे वजन सुमारे तेवीस पौंड, खर्च चार गिनी. गिर्यारोहणाचा दोरच कण्याखालून ओवून त्याची टोके पुढच्या-मागच्या खडकांना बांधली की झाले. खुंट्यांची कटकट मिटली. डोंगरावर तो पाठीवरून वाहून नेई ब्रॉयल गावचा ल्यूक मेने. या कुबड्या हमालाचे नाव व्हिम्परने आपल्या ग्रंथात आदराने नोंदवले आहे.

जुलै १८६२ मध्ये हा तंबू मॅटरहॉर्नच्या त्याच धारेवर ठेवलेला होता. मधल्या खराब हवेत तो वाचला असेल अशी व्हिम्परला खात्री नव्हती, म्हणून तो एकटाच पाहायला वर गेला. तंबू बर्फाने माखला होता, पण शाबूत होता. ती रात्र व्हिम्परने त्यात एकट्याने काढली.