कट्टा

बसण्याजोगा दगडी वा सिमेंटचा बांध, आणि त्यावर रोज जमणारी मंडळीही. याच शब्दाचा दुसरा अर्थ गावठी पिस्तूल; वर्तमानपत्रांत दोन्ही भेटतात, संदर्भावरून ओळखायचे.

गावात बसायच्या कट्ट्याचे काम वड-पिंपळाभोवतीचा पार करतो. चावडी वेगळी, तिथे सरकारी कामकाज चाले, दप्तर असे. पारावर दप्तर नसते, त्यामुळे बोलणाऱ्याला पुरावा मागत नाहीत. ‘मी स्वतः पाहिलं’ एवढे पुरते.

शहरी कट्ट्याचा ठळक नमुना म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कचा. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या या मैदानाला १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळाले. भोवतीचा बुटका कठडा सव्वा किलोमीटरला जरासा कमी भरतो. त्यावर प्रत्येक टोळक्याची जागा ठरलेली. सकाळी फेरी संपवून आलेले आजोबा गुडघ्यावरचे तेल सुचवतात, शेजारचे लगेच म्हणतात, ‘आमच्या हिला काही गुण आला नाही हो!’ मग डॉक्टरची फी, सुनेची बदली, कालचा सामना. निष्कर्ष निघत नाही, कुणाला तो हवाही नसतो.

गोव्यात घरापुढच्या बाल्कांवातल्या दगडी बैठका हेच काम करतात. रस्त्याने जाणाऱ्यालाही गप्पांत ओढता येते.

कट्ट्यावर बायका बराच काळ कमीच दिसत. त्यांचे अनुभव पाणवठ्यावर, चाळीच्या गॅलरीत आणि पुढे लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडता निवडता सांगितले गेले.