पोथी कुणाच्या हातात होती?

ज्वारीची काढणी चालू आहे, हात रिकामे नसतील. काम करता करता ऐका.

आमच्या बचत गटातल्या एकीला शाळेतून निरोप आला, शनिवारी पहिलीच्या वर्गात येऊन गोष्ट वाचून दाखवा. तिची धाकटी त्याच वर्गात आहे. स्वतः ती सातवी शिकलेली. बैठकीत मला म्हणाली, "ताई, मनात वाचते मी. मोठ्यानं म्हटलं की घशाला कोरड पडते. पोरीसमोर अडखळले तर?" घरी सासूबाई म्हणाल्या होत्या, "वाचायचं काम मास्तरचं. तू रोजगार बुडवून कशाला जातीस?"

सासूबाईंचा मला राग आला नाही. त्यांनी लहानपणापासून जे पाहिलं, तेच त्या बोलल्या.

मोठ्यानं वाचणं आपल्या भागाला नवीन नाही. शेजारच्या सांगोला तालुक्यातलं नाझरे तुम्हाला ठाऊक आहे. श्रीधरस्वामी तिथले, म्हणून नाझरेकर. त्यांचा 'हरिविजय' १७०२ सालचा, 'पांडवप्रताप' १७१२ चा आणि 'शिवलीलामृत' १७१८ चं. हे ग्रंथ एकट्यानं मनात वाचायचे नव्हतेच, चारचौघांत ऐकायचे होते. चातुर्मासात देवळात नाहीतर कुणाच्या सोप्यात दिवा लावून एकानं ओव्या वाचायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. हातानं लिहिलेल्या पोथीत शब्द एकमेकांना चिकटलेले असत. कुठं तोडायचं हे ज्याला कळे, त्यालाच वाचता येई. पुढं एकोणिसाव्या शतकात शिळाछापावर पोथ्या छापून निघू लागल्या आणि गावोगाव गेल्या. बायका भिंतीला टेकून, मांडीवर लेकरू घेऊन ऐकायच्या. एक अक्षर न ओळखता शिवलीलामृताचा अकरावा अध्याय पाठ असलेल्या आज्या तुम्हीही पाहिल्या असतील. रात्री ऐकलेली गोष्ट पहाटे जात्यावर त्यांच्याच शब्दांत ओवी होऊन यायची.

म्हणजे कान बायकांचे आणि आवाज पुरुषाचा. तो पुरुषही कुठल्याही जातीचा नसे. आपल्या मंगळवेढ्याचे चोखोबा घ्या. त्यांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, असं परंपरा सांगते. त्यांच्या घरात सोयराबाई, निर्मळा यांनीही अभंग रचले. रचणारं घर एक, लेखणी धरणारा हात दुसऱ्याचा.

१८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. पण त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे आपण विसरतो. मातंग समाजातली चौदा वर्षांची ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखावर तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. सात वर्षांत एवढं घडलं.

मोठ्या घरातल्या बाईलाही वाचणं सोपं नव्हतं. १८७३ साली महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन आलेल्या रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. नवरा शिकवायला बसला, तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमण्यांनी नको नको केलं. हे सगळं रमाबाईंनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात स्वतः लिहून ठेवलंय. मी ते बैठकीत सांगितलं तेव्हा आमची ती हसली. म्हणाली, "मग माझ्या सासूबाई बऱ्याच की!"

लहान मुलांच्या वर्गाची गोष्ट आणखी वेगळी. १९४५ साली ताराबाई मोडकांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. गरिबांची मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढं १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाड्या सगळीकडे झाल्या. पण आईचं काम काय, तर पोराला दारात सोडायचं. शाळेतही तेच. माझ्या आईला पालकसभेला बोलवायचे ते सहीपुरतं. ती तासभर मागं बसून यायची, तिला कुणी एक शब्द विचारल्याचं मला आठवत नाही.

२०२२ साली 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान आलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मातांचे गट झाले. सगळीकडे ते सारखे चालतात असं मी म्हणणार नाही, काही नुसते कागदावर आहेत. पण आईनं मुलांना काही शिकवावं, असं शाळेनंच म्हटलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आमच्या तिला मी एवढंच विचारलं, "बैठकीचं इतिवृत्त दर महिन्याला कोण वाचतं?" गटाची सचिव तीच आहे. म्हणाली, "ते आपल्या आपल्यात असतंय." मग गटातल्या दोघींनी तिच्या वाट्याच्या पाती उरकायचं कबूल केलं. चार रात्री तिनं पुस्तक घरी नेलं आणि सासूबाईंसमोर वाचलं. पहिल्या रात्री त्या पाठ करून झोपल्या. तिसऱ्या रात्री विचारलं, "मग त्या कोल्ह्याचं काय झालं?"

शनिवारी मी वर्गाच्या दाराशी उभी होते. तिसऱ्या पानावर 'आश्चर्य' शब्द आला आणि ती थांबली. वर्ग गप्प. तेवढ्यात तिचीच धाकटी उठून जवळ गेली, शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "आई, हे मलापण येत नाही." सगळी पोरं हसली, तीही हसली. बाईंनी फळ्यावर शब्द फोडून लिहिला, सगळ्यांनी मिळून म्हटला आणि गोष्ट पुढं गेली.

परवाच्या बैठकीत तिनं कर्जाच्या हप्त्याआधी विचारलं, "ताई, दुसरं पुस्तक आहे का? जरा मोठ्या अक्षराचं. सासूबाईंना चित्रं बघायची असतात."